पियानोच्या पाठीमागचा फिटर

देवळाली प्रवरेत बिभीषण फिटरला तोंडाने हाक मारून काही उपयोग नाही. तो घरासमोरच्या ओट्यावर दाराच्या चौकटीला पाठ टेकून बसलेला असतो. ज्याला काम असेल त्याने सरळ चौकटीवर थाप मारायची. थाप लाकडातून त्याच्या पाठीत उतरते आणि तो वळून म्हणतो, "बोला!" हे 'बोला' एवढ्या मोठ्यांदा येतं की नवखा माणूस दोन पावलं मागे सरकतो. बहिऱ्याला स्वतःचा आवाज केवढा आहे ते कळत नाही आणि ते त्याला सांगायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

बहिरेपण आलं ते कालव्यातून. लहानपणी उन्हाळाभर पोरं म्हशींच्या जोडीने कालव्यात डुंबायची. बाकीच्यांचे कान फुटले आणि बरे झाले, बिभीषणचे वाहतच राहिले. आईने लसणाचं कोमट तेल घातलं, शेजारणींनी सांगितलं म्हणून आणखी काय काय घातलं, ते इथं न सांगितलेलंच बरं. मोठेपणी नगरला ऑपरेशन झालं, तेही वाया गेलं. कानात घालायचं मशीन आणलं तर कान पुन्हा वाहायला लागले, म्हणून ते कपाटात बांगड्यांच्या डब्यात जाऊन पडलं. नगरच्या डॉक्टरांनी मात्र एक गोष्ट केली. स्टीलचा दोन शिंगांचा चिमटा गुडघ्यावर आपटून त्यांनी त्याचा दांडा बिभीषणच्या कानामागच्या हाडावर टेकवला. आत एक बारीक, गोड, स्वच्छ सूर वाजत होता. बिभीषण दचकून इकडेतिकडे बघायला लागला. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: आतलं घर शाबूत आहे, दार तेवढं बंद पडलंय.

खरं तर हे त्याला डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक होतं. साखर कारखान्यात चौतीस हंगाम त्याने मिलवर फिटरकी केली. मशीनचं बेअरिंग कसं आहे ते पाहायचं तर जुना फिटर लांब स्क्रूड्रायव्हर घेतो, टोक बेअरिंगवर टेकवतो आणि मूठ कानामागच्या हाडाला दाबून धरतो. मिलच्या त्या गदारोळात धड कानाच्या माणसाला काही सुधरत नाही, पण बिभीषण हातभर लोखंडातून आतल्या एकेका गोळीची तक्रार ऐकायचा. "परवापत्तूर जातंय हे," असं त्याने म्हटलं की ते परवापर्यंत जायचंच. नवे इंजिनिअर आधी हसायचे आणि परवा गप्प व्हायचे. यंत्रांचं त्याला सगळं ऐकू यायचं. माणसांचं काही नाही, कारण माणसाला स्क्रूड्रायव्हर लावता येत नाही. एकदा त्याने गमतीने बायकोच्या हनुवटीला टेकवून पाहिला, तर साळूबाईने हातातलं लाटणं उगारलं.

आता हिचं सांगतो. साळूबाई म्हणजे बिभीषणची बायको. लग्न झालं तेव्हा त्याला जवळ बसलेल्याचं ऐकू यायचं. तिचा आवाज त्या वेळचा, तोच त्याच्या मनात राहिला. पुढे तेही बंद झालं आणि मग ती ओरडून बोलू लागली. ओरडून बोलायला लागलं की संसारात काय उरतं बघा. "जेवायला या." "गॅस संपला." "पाव्हने आल्यात." जे सगळ्या गल्लीने ऐकलं तरी चालेल तेवढंच ओरडता येतं. जे हळू बोलायचं असतं ते हळूहळू बोलायचंच राहून जातं. साळूबाईला लिहिता येत नव्हतं, सहीपुरती तिची अक्षरं. त्यामुळे ती वाटही नव्हती.

पण तिचे ओठ हलायचे. भाकरी थापताना, लसूण सोलताना, दळण निवडताना ती त्याच्याकडे पाहत काहीतरी बोलत असायची. तो विचारायचा, "काय म्हनतीस?" ती हात हलवून सांगायची, काही नाही. दिवसातून दहा वेळा 'काही नाही'. माणसाला एखादी गोष्ट लागून राहते, तसं त्याला हे लागून राहिलं होतं. निवृत्त झाल्यावर तर दिवसभर समोर ते हलणारे ओठ, आणि त्यातून त्याच्यापर्यंत काही म्हणजे काही पोहोचत नाही. ती काय बोलते ते एकदा कळावं, एवढीच त्याची मागणी होती, आणि ती मागायची कुणाकडे हे त्याला माहीत नव्हतं.

अशात लीना मॅडमनी चौकटीवर थाप मारली. लीना मॅडम कॉलेजात एकतीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि भलत्या हौशी. तारेला ताण दिला की सूर कसा चढतो ते त्यांनी पोरांना प्रयोगशाळेतल्या एका लाकडी खोक्यावर एकच तार लावून जन्मभर शिकवलं. नगरच्या कॅम्पातला एक बंगला रिकामा होत होता, तिथला पियानो कुणाला नको होता, तो त्यांनी टेम्पोत घालून आणला. उभा पियानो, कपाटासारखा. पुण्याहून एक जाणकार आले, त्यांनी झाकण उघडून पाहिलं, तारा गंजल्यात, खुंट्या अडकल्यात म्हणाले, वर फुलदाणी ठेवा असा सल्ला दिला आणि चहा घेऊन गेले. मॅडमना राग आला. त्यांची पाण्याची मोटर बिभीषणने दोनदा जिवंत केली होती, म्हणून त्या पाटीवर लिहून घेऊनच आल्या: मिस्त्री, पियानो बघाल का?

"म्या पेटीबी कदी धरली न्हाई!" बिभीषण ओरडला. त्याच्या बोलण्याला समोरच्या दुकानदाराने हसून अनुमोदन दिलं.

मॅडमनी पुसून लिहिलं: लोखंड आणि तारा आहेत. बघा तरी.

पियानोचं पुढचं झाकण काढल्यावर बिभीषण बराच वेळ नुसता बघत राहिला. आत एक बिडाची भलीमोठी चौकट आणि तिच्यावर सव्वादोनशे तारा. डावीकडच्या जाड, तांब्याने गुंडाळलेल्या, उजवीकडच्या सुईसारख्या. खालच्या सुरांना एकेक, मधल्यांना दोन दोन, वरच्यांना तीन तीन. मॅडमनी पाटीवर हिशोब मांडला: सगळ्यांचा ताण मिळून अठरा टन. म्हणजे भरलेला उसाचा ट्रक त्या चौकटीला रात्रंदिवस लटकलेला, आणि ती हूं की चूं करत नव्हती. बिभीषणला त्या चौकटीबद्दल आदर वाटला.

पट्टी दाबली की लोकरीचं टोपरं घातलेली हातोडी उडी मारून तारेवर बसायची आणि पट्टी दाबलेली असतानाच लगेच मागे पडायची. हे त्याने पन्नास वेळा करून पाहिलं. मॅडमनी लिहिलं: हातोडी तिथंच थांबली तर तिनेच वाजवलेला सूर तीच मारून टाकेल. मारायचं आणि निघायचं. पट्टी सोडली की एक छोटी लोकरीची गादी तारेवर टेकते आणि आवाज बंद. "बेस हाय," बिभीषण म्हणाला. बनवणाऱ्याने डोकं लावलं होतं, आणि डोकं लावलेलं यंत्र दिसलं की त्याला भूक लागत नसे.

आणि मग त्याने एक चूक केली. त्याने लेथवर खुंट्यांच्या चौकोनी डोक्याला बसेल अशी चावी करून घेतली होती. तारा गुंडाळलेल्या त्या खुंट्या लाकडात घट्ट ठोकलेल्या, फिरवताना हाताला करकर लागायची. साखर कारखान्यातला माणूस, तेलाची बुधली म्हणजे त्याचा तिसरा हात. जे करकरतं त्याला तेल, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मॅडम राहुरीला गेल्या होत्या. त्याने दुपारभरात तेहेतीस खुंट्यांच्या बुडाशी थेंब थेंब तेल सोडलं, वर फडक्याने पुसून घेतलं. खुंट्या लोण्यासारख्या फिरल्या. तारा ताणून झाल्या आणि सकाळी मॅडमना दाखवायच्या म्हणून तो खुशीत घरी गेला.

सकाळी त्या तेहेतीस तारा लोंबत होत्या. खुंटीला धरून ठेवतं ते फक्त लाकडाचं घासणं. तेल पाजलं की तारेच्या ओढीने खुंटी आपोआप मागे फिरते. मॅडमनी फार काही लिहिलं नाही. एवढंच लिहिलं: ती करकर म्हणजेच तिची पकड होती.

बिभीषणला हे फार लागलं. चौतीस हंगामांत त्याच्या हाताने एकही यंत्र बिघडलं नव्हतं. चार दिवस तो ओट्यावर बसून राहिला, कुणी चौकटीवर थाप मारली तरी वळला नाही. साळूबाई ताट पुढे करून ओरडली, "जेवा की!" तो जेवला. तिचे ओठ पुढेही हलत राहिले. पाचव्या दिवशी तो उठला आणि मॅडमच्या घरी गेला. एकेक खुंटी काढायची, स्पिरिटने पुसायची, भोक कोरडं करायचं, खुंटीला पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळायची आणि पुन्हा ठोकायची. त्यात तीन आठवडे गेले. खुंटी पुन्हा करकरायला लागली तेव्हा त्याला एवढा आनंद झाला की त्याने मॅडमना हाताला धरून आणलं आणि चावी त्यांच्या हातात दिली.

आता सूर लावायचे होते. बहिऱ्याने. गावात ज्याला कळलं तो हसला, आणि खरं सांगायचं तर मीही हसलो असतो.

बिभीषणने आधी एक तार दोन खिळ्यांवर ताणून, बोटाने छेडून पाहिली होती. तार थरथरताना दिसायची. पण मॅडम कान जवळ नेऊन मान हलवायच्या, म्हणजे त्यांनाही जेमतेमच ऐकू येत होतं. त्यांनी लिहिलं: तार बारीक आहे. ती हवेला ढकलत नाही, हवेतून कापत जाते. पियानोत तारा एका लाकडी दांडीवरून जातात, ती दांडी पाठीमागच्या मोठ्या फळीवर चिकटवलेली आहे. तार दांडीला हलवते, दांडी फळीला, आणि एवढी रुंद फळी हवेला ढकलते. आवाज तारेचा नाही, फळीचा.

हे वाचून बिभीषण पियानोच्या मागे गेला. भिंतीपासून तो पुढे ओढला, मागे पाट टाकून बसला. समोर उघडी फळी होती, जुन्या मधाच्या रंगाची. त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक फळीवर टेकवलं, मूठ कानामागे दाबली आणि दुसरा हात वर करून मॅडमना खूण केली.

मॅडमनी मधली एक पट्टी दाबली.

आधी एक ठोका आला, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा, आणि त्याच्या मागून सूर उघडला. एक नव्हे. मोठ्या सुराच्या आत दुसरा, त्याच्या वर आणखी बारीक तिसरा, चौथा, सगळे एकाच घरातले. ते हळूहळू लहान होत गेले, वरचे आधी निजले आणि खालचा एकटाच जागा राहिला, मग तोही. बिभीषणने डोळे मिटले होते. तो कुठं आहे, दुपार आहे की संध्याकाळ, हे त्याला क्षणभर सुचेना. कालव्याच्या पाण्यात बुडी मारली की डोक्यावरून हिरवा उजेड सरकायचा, तसं काहीतरी त्याच्या डोक्यात सरकत होतं. मॅडमनी पुन्हा पट्टी दाबली. त्याने पुन्हा हात वर केला. असं किती वेळा झालं ते मॅडमनीही मोजलं नाही.

पुढचं काम त्याला कुणी शिकवलं नाही. एका सुराच्या दोन तारांत जरासा फरक असला की आवाज चढायचा आणि उतरायचा, चढायचा आणि उतरायचा, शेजारीशेजारी चालणाऱ्या दोन मोटारींच्या घरघरीसारखा. हे तो कारखान्यात जन्मभर ऐकत आला होता. खुंटी किंचित फिरवली की ते झोके लांबत जायचे, अजून किंचित, अजून लांब, आणि मग सूर सपाट उभा राहायचा. पहिली तार मॅडम मोबाईलवरच्या सुराशी जुळवून द्यायच्या, बाकीच्या तो जुळवायचा. पुढून चावी फिरवायची आणि मागे जाऊन ऐकायचं, दिवसातून शंभर फेऱ्या. शेवटच्या तारा ओढल्या की पहिल्या उतरायच्या, मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा त्याच्या लक्षात आलं की तिन्ही तारा अगदी तंतोतंत एक केल्या तर सूर लवकर विझतो, आणि केसभर फरक ठेवला तर रेंगाळतो. त्याने तसा केसभर ठेवला. मॅडमनी त्या दिवशी पाटीवर काही न लिहिता नुसता नमस्कार केला.

दुपारच्या जेवणाची त्याला शुद्ध राहिली नाही. घरी गेला तरी फळीचा सूर डोक्यात घेऊन जायचा. साळूबाई ओरडायची, "त्या पेटीत काय सोनं निघालं काय?" तो हसायचा. शेवटी एका दुपारी तीच डबा घेऊन मॅडमच्या घरी आली.

मॅडमनी तिला आत घेतलं, पियानोकडे बोट दाखवलं आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या. पियानोचं पुढचं सगळं झाकण काढलेलं होतं. लोकरीच्या गाद्यांचं काम चाललं होतं म्हणून बिभीषणने उजव्या पेडलवर वीट ठेवून ते खाली दाबून धरलं होतं. त्यामुळे सगळ्या गाद्या उचललेल्या, सगळ्या तारा मोकळ्या. तो स्वतः मागे होता, स्क्रूड्रायव्हर लावून एका मंद गुणगुणीचा माग काढत बसलेला. साळूबाईला तो दिसत नव्हता, त्याला ती दिसत नव्हती. ती स्टुलावर बसली, तारांसमोर, आणि डबा सोडायला लागली. आणि नेहमीसारखे तिचे ओठ हलले.

फळीतून शब्द आले.

"भाकर वाळून कडंग झाली, तरी या मानसाला सुद न्हाई."

शब्द पुढे येत होते आणि प्रत्येक शब्दामागे सव्वादोनशे तारांतल्या ज्या त्या सुराच्या होत्या त्या हलत होत्या, शब्द संपला तरी त्याचा धूर मागे राहत होता. आवाज बाईचा होता, थकलेला, थोडा चिरलेला. हा कुणाचा आवाज, असं त्याला आधी वाटलं. त्याच्या मनातली साळू बावीस वर्षांची होती. तिचा आवाज म्हातारा झाला होता आणि त्याला कुणी कळवलं नव्हतं.

"पहाटं सपान पडलं," फळी म्हणाली. "तुमी कालव्याच्या त्या कडंला, मी या कडंला. हाका मारमारून घसा बसला माझा. तुमी आपलं हसत हुता. रोज सांगते तुमाला काय काय. भाकरी थापताना सांगते. भिताडाला सांगितल्यावानी." डब्याचं झाकण वाजलं. "मानूस चांगलं हाय माझं. लई चांगलं हाय. पन हे काय वराडून सांगायचं असतं व्हय?"

बिभीषणच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही. त्याला बोलायचं होतं. पण तो बोलला की ओरडतो, हे त्याला आज समजलं, कारण तोंड फळीजवळ होतं आणि स्वतःचा श्वाससुद्धा त्याला ऐकू येत होता. त्याने ओठ फळीला जवळजवळ लावले, आवाज तपासत, उतरवत, अजून उतरवत म्हटलं, "साळू."

पुढे डबा खाली ठेवल्याचा आवाज झाला. तिने त्याचा हळू आवाज गेल्या पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता.

"आवं, ऐकू येतंय तुमाला?"

"व्हय."

"कवापास्नं?" तिच्या आवाजात धास्ती होती. इतक्या वर्षांत तोंडासमोर बसून त्याला काय काय बोलली ते तिला आठवत असणार, आणि त्यात सगळंच काही चांगलं नसणार.

"आत्ताच. भाकर वाळली तितनं."

मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. बिभीषणने मूठ हाडात रुतेल एवढी दाबली. ती उठली होती. लाजून घरी निघाली असेल, उद्यापासून ओठही हलवणार नाही, असं त्याला वाटलं. उठून पुढे जावं तर काही ऐकू येणार नाही. तो बसून राहिला. तारांत नुसती वाऱ्याएवढी गुणगुण चालू होती.

स्टूल पुन्हा सरकलं, या वेळी जवळ.

"आदी जेवून घ्या," ती म्हणाली. ओरडून नव्हे.

"तू बोल. डबा इकडं मागं सरकव."

पियानोच्या कडेने बांगड्यांचा हात आला, डबा फरशीवरून ढकलला आणि परत गेला. बिभीषणने डाव्या हाताने मूठ कानामागे धरून ठेवली आणि उजव्या हाताने वाळलेली भाकरी मोडली. चहा घेऊन आलेल्या लीना मॅडम दारातच थांबल्या, मग कप घेऊन परत स्वयंपाकघरात गेल्या. साळूबाईने तारांजवळ वाकून पदर नीट केला, थोडं खाकरली, आणि कुठून सुरुवात करावी याचा विचार करून म्हणाली, "आपली थोरली झाली तवा तुमी रातपाळीला हुता, ठावं हाय का?"